खुर्चीवरच्या साहेबांचा कोट

कोटाच्या आतल्या खिशाच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, आणि लाल दोरा नखाला अडताच त्यांना ते पत्र आठवले. सव्वीस वर्षांपूर्वी आलेले. उत्तर न दिलेले.

"ओळखला ना?" लाँड्रीवाला दारातच उभा होता. एकच जिना चढून त्याला धाप लागली होती. "तुमच्या साहेबांचा. हा एकटाच उरलाय बघा. बाकीचे दोन ढीग चिंध्यावाला काल घेऊन गेला."

"आणि हा?"

"ह्याला हात लावू दिला नाही मी. म्हटलं, आधी लेखकांना विचारू. शनिवारी दुकान बंद करतोय, लेखक. शटर खाली ओढायचं आणि मुलीकडे जाऊन राहायचं. तुम्हाला नको असेल तर सांगा, चिंध्यावाला शनिवारी पुन्हा येणार आहे."

स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली. कोट पाहून तिने डोळे मोठे केले.

"अगंबाई, साहेब! किती वर्षांनी उगवलात?"

"बघा ना वहिनी, सुरकुती नाही एक," लाँड्रीवाला म्हणाला. "आपल्याच पडल्या."

ती दोघे हसली. लेखकांनी मात्र कोट हातावर तसाच धरून ठेवला.

ते जन्मभर एका साप्ताहिकात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढायच्या आणि घरी यायचे, एवढेच त्यांना जमेल असे त्यांना वाटत असे. पुरुषांच्या पोशाखावरचे 'नीटनेटके' हे सदर त्यांच्याकडे आले ते अपघाताने. ते लिहिणारा गृहस्थ दुसऱ्या शहरात निघून गेला. संपादकांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती नाही म्हणता न येणाऱ्या एकमेव माणसावर थांबली. "तुम्ही वाचता भरपूर," संपादक म्हणाले, "लिहून टाका की." कामावर काय घालावे, सुटीच्या दिवशी काय घालावे, हे ते पुढची अकरा वर्षे 'दर्पण' या नावाने लिहीत राहिले.

ग्रंथालयात कपड्यांवर जेवढी पुस्तके होती तेवढी त्यांनी वाचली. अडचण एकच होती. रस्त्यावरच्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत पाहणे त्यांना कधी जमले नाही. समोरच्याने आपल्याकडे पाहिले तर काय करायचे, या विचारानेच त्यांची मान खाली जाई. मग त्यांनी युक्ती काढली. खालचा लाँड्रीवाला सहा-सहा महिने कुणी न नेलेले कपडे त्यांना एक-दोन दिवसांसाठी देई. ते खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर सदरा चढवत, त्यावर कोट, बैठकीवर पँट, खाली बुटांचा जोड. मग समोर स्टूल घेऊन बसत आणि हलक्या आवाजात विचारत, "आज कुठे निघालात?"

"साहेबांना चहा टाकू का?" बायको आतून ओरडे. किंवा जाता जाता थांबून म्हणे, "बाही मळलीय हो साहेबांची. अशानं नोकरी जाईल."

खुर्चीने त्यांना बरेच शिकवले. कोटाची खांद्यावरची शिवण खांदा संपतो तिथे संपावी. बाहीतून कफ बोटाच्या पेराएवढा दिसावा. कामावरचा रंग शांत असावा, सुटीचे कापड मऊ असावे. शेवटचे बटण उघडे ठेवावे, कारण माणसाला कधीतरी बसायचे असते. वाचकांना वाटे, दर्पण उंच असणार, कानांपाशी थोडासा पिकलेला. तशी पत्रेही येत. ती वाचताना ते आपल्या दोन शर्टांपैकी अंगावर असलेल्याची कॉलर सारखी करत.

हा राखाडी-निळा कोट आला तेव्हा वर्षभर त्याला कुणी न्यायला आले नव्हते. लाँड्रीवाल्याकडे फक्त पावतीचा नंबर होता. इतर कपडे खुर्चीवर टाकल्यासारखे दिसत. हा मात्र बसला. आतल्या खिशाला कुणीतरी लाल दोऱ्याने हाताने टाके घातले होते. सुबक नव्हते, पण घट्ट होते. त्या रविवारी दुपारी बायको बहिणीकडे गेली होती. घरात कुणी नव्हते. त्यांनी कोट खुर्चीवरून उचलला आणि अंगात घातला.

तो पुढचा तास त्यांना नंतर पुष्कळदा स्वप्नात पडला, इतका की त्यातले खरे किती हे सांगणे अवघड झाले. ते तळ्याकाठच्या रस्त्याने चालत होते. पाण्यावर ऊन सांडले होते आणि झाडांच्या सावल्या त्यांच्या बाह्यांवरून सरकत मागे जात होत्या. कुणीतरी त्यांना वेळ विचारली आणि त्यांनी ती सांगितली, न अडखळता. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने पाय आत घेऊन वाट दिली. कुणाला भेटायचे नव्हते, कुठे पोचायचे नव्हते. आपल्या अंगात आपल्यापेक्षा कुणीतरी बरा माणूस चालतो आहे, असे त्यांना वाटत राहिले. घरी येऊन त्यांनी कोट पुन्हा खुर्चीवर चढवला आणि एका बैठकीत लेख लिहिला. "काही माणसे एक रंग आतल्या बाजूला ठेवतात, लाल दोऱ्याएवढा," असे त्यात एक वाक्य होते. तो दर्पणचा सगळ्यात चांगला लेख, असे संपादक म्हणाले.

तीन आठवड्यांनी पत्र आले. लाँड्रीवाला खाली गेल्यावर शब्दकोशाच्या पानांत ठेवलेले ते पत्र त्यांनी आता काढले आणि खिडकीशी धरले.

"तुमच्या लेखातला कोट माझा आहे. लाल टाके माझ्या आईच्या हातचे. रागावलो नाही, पण वाचून दिवसभर काही सुचले नाही. मी एका कंपनीत इमारतींचे आराखडे काढत असे. बढती मिळाली म्हणून हा कोट शिवला. तिसऱ्या दिवशी बाहीवर चहा सांडला, कोट लाँड्रीत दिला, आणि त्याच आठवड्यात आमचा विभागच बंद झाला. मग कोट घालून जायला जागा उरली नाही, म्हणून आणायलाही गेलो नाही. आता दूरच्या गावी एका रोपवाटिकेत काम करतो. हात दिवसभर मातीत. मला दोनच प्रकारचे कपडे ठाऊक आहेत, राबायचे आणि झोपायचे. तुम्ही काम आणि फुरसत असे लिहिता. हा कोट ह्यांतल्या कशाचा? कोटाचे काम माझ्याकडे नाही आणि फुरसत मला शिकता आली नाही. मी तो घालावा का? तुम्ही घाल म्हणालात तर न्यायला येईन."

तेव्हा त्यांनी उत्तराला अकरा वेळा सुरुवात केली होती. खरे लिहायचे तर खुर्ची लिहावी लागली असती, लाँड्रीवाला लिहावा लागला असता, तळे लिहावे लागले असते. खोटे लिहायचे तर पेन चालत नव्हते. दोन महिन्यांनी डोळ्यांचे निमित्त सांगून त्यांनी सदरच सोडले.

त्यांनी पत्र घडी करून ठेवले. त्यांनी सवयीने कोट खिडकीजवळच्या खुर्चीवर चढवला, खांदे सारखे केले आणि समोर कागद घेऊन बसले. 'माननीय महोदय' लिहून झाल्यावर त्यांनी कोट आणि ऋतुमान यांवर एक परिच्छेद लिहिला. वाचला. फाडला. दुसऱ्या कागदावर उशिराबद्दल क्षमा मागितली. ती पान भरून मागच्या बाजूला गेली तेव्हा तोही फाडला.

"एवढं काय लिहिताय?" बायकोने चहाचा कप ठेवत विचारले.

त्यांनी पत्र तिच्या हातात दिले. तिने चष्मा शोधून आणला, उभ्यानेच वाचले, मग बसून पुन्हा वाचले.

"बिचारा," ती म्हणाली. "मग द्या की पाठवून. पत्ता आहे."

"त्यानं कोट मागितलाच नाही. घालू का, असं विचारलंय."

"घाल म्हणावं."

"कुठल्या तोंडानं म्हणू?" त्यांनी पेनाचे टोपण लावले, काढले. "अगं, मी एकदा हा कोट..."

"घालून तळ्यावर गेला होतात. माहीत आहे मला."

टोपण हातातून निसटून टेबलाखाली गेले. दोघांपैकी कुणीच ते उचलायला वाकले नाही.

"ताईकडे पाहुणे आले होते म्हणून लवकर निघाले मी," ती म्हणाली. "तळ्याच्या पलीकडून येत होते. समोरच्या काठानं एक माणूस चालला होता, सावकाश. मनात म्हटलं, काय ऐटीत चाललाय बाई. मग बघते तर चाल ओळखीची."

"हाक का नाही मारलीस?"

"मारली असती तर तिथल्या तिथे कोट काढून घडी घातली असतीत. ओळखत नाही का मी?"

त्यांनी खुर्चीवरच्या कोटाची बाही सारखी केली.

"आणि बाहीला कुठेतरी घासून शेवाळं लागलं होतं, ते कुणी काढलं वाटतं? तसाच परत करायला निघाला होतात."

सव्वीस वर्षे ही बाई त्यांच्या समोर बसून चहा प्यायली होती. त्यांनी खुर्चीकडे पाहिले, मग तिच्याकडे. अकरा वर्षे अनोळखी लोक पत्रांतून जे विचारत ते त्यांनी स्वतः कधी कुणाला विचारले नव्हते.

"कसा दिसत होतो?"

तिने चष्मा काढून हातात घेतला.

"खांद्याला लोंबत होता. हाताची बोटंच तेवढी दिसत होती. दुसऱ्याचा आहे हे लांबूनसुद्धा कळत होतं."

"असं."

"आणि शीळ घालत होतात."

"मी? मला शीळ येते?"

"येते. बेसूर आहे," ती म्हणाली आणि रिकामा कप घेऊन आत गेली.

त्यांनी तिसरा कागद घेतला. माननीय महोदय लिहिले नाही.

"तुमचा कोट मी एकदा न विचारता घातला होता. त्या तासाभरावरच मी तो लेख लिहिला. दर्पण नावाचा कुणी नव्हता. मी मुद्रितशोधक होतो आणि खुर्चीला कपडे घालून लिहीत असे. तुम्ही विचारले होते, हा कोट कामाचा की फुरसतीचा. मला तेव्हाही ठाऊक नव्हते आणि आता म्हातारपणीही नाही. एवढेच खात्रीने सांगतो की मला तो खांद्याला मोठा होतो. तो तुमच्या मापाचा आहे. रोपांना पाणी घालताना घातलात तरी हरकत नाही. बाहीला माती लागली तर ओली पुसू नका, वाळू द्या, मग ब्रशने निघते. खाली लाँड्री बंद होते आहे, म्हणून कोट माझ्या घरी ठेवून घेतो. पार्सलने पाठवता येईल, तसे कळवलेत तर पाठवीन. पण जमल्यास तुम्ही यावे आणि इथे घालून दाखवावा. कामाला निघालेला किंवा फिरायला निघालेला माणूस कसा दिसतो हे मी इतकी वर्षे लिहिले, पण कुणा माणसाकडे नीट पाहिलेले नाही. एकदा पाहावे म्हणतो."

खाली त्यांनी आपले खरे नाव लिहिले. ते जरा परके वाटले, पण चूक नव्हती.

"असेल का हो तो अजून तिथं?" पाकिटावरचा पत्ता वाचत बायकोने विचारले.

"रोपवाटिका तरी असेल. झाडं कुठे जातात?"

"घ्या. आता विनोदही करायला लागलात."

सव्वाचारला पोस्टाची पेटी उघडून पत्रे नेत, आणि चार वाजून गेले होते. ते घाईने जिना उतरले. लाँड्रीवाला स्टुलावर उभा राहून दुकानाची पाटी सोडवत होता.

"काय लेखक, काय ठरलं साहेबांचं?"

"राहू द्या वर. मालक येईपर्यंत."

"मालक? कुठला मालक?" मग त्याची नजर खाली गेली. "अहो, पण पायात काय हे?"

एका पायात त्यांची तपकिरी चप्पल होती आणि दुसऱ्यात बायकोची, निळ्या पट्ट्यांची. अंगात घरचा पायजमा, गुडघ्यांना फुगा आलेला. ते क्षणभर जिन्याकडे वळले. मग घड्याळाकडे पाहून तसेच पुढे निघाले.

कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी एक तरुण माणूस पाकिटावर तिकीट चिकटवत उभा होता. त्याच्या अंगात गडद हिरवे जाकीट होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिले. खांद्यांपासून सुरुवात केली, बाह्यांपर्यंत आले, कफ पाहिले, बुटांपर्यंत गेले आणि पुन्हा वर आले. तरुणाने मान वर केली. त्यांची मान खाली गेली नाही.

"खांदा छान बसलाय," ते म्हणाले.

तरुण गोंधळला, मग लाजला. "भाड्याचं आहे हो. उद्या मुलाखत आहे, म्हणून आज जरा सवय करतोय."

"शेवटचं बटण उघडं ठेवा. बसायला सांगतील तेव्हा बरं पडेल."

त्याने निमूटपणे बटण काढले. मग त्यांच्या पायांकडे पाहिले. बाजूला सरकून त्यांना पेटीपाशी जागा करून दिली. त्यांनी पाकीट फटीत धरले, पत्ता एकदा वाचला, चूक सापडते का पाहिले, आणि सोडून दिले.