न झाडलेला कोपरा

मित्रांनो, हल्ली तुमच्या घरी मला कुणी विचारणार नाही. सगळीकडे लांब दांड्याचे झाडू आले. मी पडले शिंदीच्या पानांची जुनी केरसुणी. घोडपदेवच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, राधाबाईंच्या खोलीत माझा मुक्काम आहे. सात वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाला त्यांनी मला बाजारातून पारखून आणलं, हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला जुंपलं. माझ्याने केर कसा एका हाताने सुपलीत येतो, हे त्या शेजारच्या वैशालीला कौतुकाने सांगत. कौतुक कुणाला नको असतं?

दोन महिन्यांनी त्यांचा एकुलता एक मुलगा अवधूत कॅनडाला शिकायला निघाला. आंघोळ करून तो खिडकीजवळच्या कोपऱ्यात मोजे चढवायला उभा राहिला. पावडर अंगावर कमी आणि जमिनीवर जास्त, ही त्याची जुनी खोड. काळ्या लादीवर पांढरं सांडलं आणि त्यात त्याच्या उजव्या पावलाचा ठसा उमटला. तो गेला. घर सुनंसुनं झालं. वैशालीने मदत म्हणून मला उचललं.

"अगो, ठेव ती!" राधाबाई ओरडल्या. "माणूस पोचल्याशिवाय मागे केर काढतत काय?"

ही त्यांच्या कोकणातली रीत. घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याची खबर येईपर्यंत घर झाडायचं नाही. मला त्याच कोपऱ्यात आडवं ठेवलं. एखाद्या दिवसाचा तर प्रश्न, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "पोचलंस काय रे बाबू?"

"कसला पोचलो, आई! अजून राहायला जागा नाही, मित्राच्या हॉलमध्ये पडलोय. पीआर हातात पडेल ना, तेव्हा पोचलो म्हणायचं." पीआर म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी, हेही त्याने हसत हसत समजावलं.

राधाबाई हसल्या नाहीत. बाकीच्या खोलीसाठी त्यांनी नवा झाडू आणला, पण त्या कोपऱ्याला कुणाला हात लावू दिला नाही. पोचला नाही म्हणजे वाटेत आहे, आणि वाटेतलं माणूस मागे फिरू शकतं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं.

अवधूतचं शिक्षण संपलं, व्हिसा संपला, कामाचा परवाना आला. दर दिवाळीला 'पुढच्या वर्षी नक्की' हा फराळ ठरलेला. ठशावर धूळ बसत गेली, पण पाऊल काही बुजेना. भर दुपारी खोलीत कुणी नसताना माझ्या शेजारी कुणीतरी उभं असल्याची चाहूल लागे. भास म्हणावा, तर अवधूतचे बाबा गंगाधरसुद्धा तिथल्या खुंटीवरची छत्री काढताना म्हणत, "सरक रे बाबू जरा." आणि क्षणभर थांबून मगच हात पुढे करत.

पाचव्या वर्षी गंगाधर अचानक गेले. अवधूतचा परवाना तेव्हा नुकताच संपला होता आणि नव्याचा अर्ज पडून होता. आता देशाबाहेर पडलो तर परत आत घेतील की नाही सांगता येत नाही, असं तो फोनवर रडत सांगत होता. अग्नी पुतण्याने दिला. मयत बाहेर काढल्यावर बायकांनी घर झाडून धुऊन काढलं. वैशाली कोपऱ्याकडे वळली.

"तेवढो ठेव," राधाबाई म्हणाल्या. "माझो झील, माझो बाबू, वाटेर आसा."

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. कारण नंतर छत्री काढताना राधाबाई म्हणू लागल्या, "सरक रे बाबू. तुम्ही पण सरका हो जरा."

गेल्या महिन्यात सकाळी फोन वाजला.

"आई, झालं! पीआर आलं! पोचलो गं एकदाचा!"

"पोचलंस? नक्की?"

"नक्की! आता कायमचा. मे महिन्यात येतो ना, तीन आठवडे सुट्टी मिळेल."

"बरा झाला रे," त्या म्हणाल्या. देवापुढे साखर ठेवली. मग उठल्या आणि त्यांनी मला हातात घेतलं.

पोचल्याची खबर आली की केर काढावाच लागतो, तशी रीत आहे. मला नको होतं ते काम. पण केरसुणीला कोण विचारतं? माझी पानं वाळून कडक झाली होती, मोडून मोडून पडत होती. आधी टाच गेली, मग तळवा, शेवटी अंगठा. सात वर्षं राखलेलं पाऊल चार फटकाऱ्यांत सुपलीत आलं.

संध्याकाळी राधाबाई भाजीला निघाल्या. छत्री काढायला कोपऱ्यात आल्या, थांबल्या.

"सरका हो जरा," एवढंच म्हणाल्या.

बाबूला सरक म्हणाल्या नाहीत. गेलेला माणूस अजून तिथे उभा होता. जिवंत होता तोच गेला होता.

मित्रांनो, आता मी बाहेर गॅलरीत पडून आहे, उद्या-परवा कचऱ्यात जाईन. माझी एवढीच विनंती आहे. लांब जा, मोठे व्हा. पण आईला पोचलो म्हणून सांगण्याआधी एकदा घरी येऊन जा.