कृत्तिकांपुढे धरलेला तळवा

आईनं धाकटीलाच का निवडलं, ते तिचं तिला ठाऊक! मी पोनियेम, थोरली. वीस वर्षं आईच्या मागे बांधावर उभी राहिले. आणि आईला दिसेनासं झाल्यावर मान कुणाला? तर वागियेमला! कालची पोर. हिला कृत्तिका कुठल्या नि काजवे कुठले, ते कळेल तर शपथ.

मेरापी डोंगराखालच्या आमच्या गावात पावसाला तोंड फुटलं की दिवेलागणीला पूर्वेकडे हात रोखायचा, थेट कृत्तिकांवर. उघड्या तळव्यावर भाताचे चिमूटभर कोरडे दाणे. तारे रोज थोडे वर, म्हणून हातही रोज थोडा वर. ज्या संध्याकाळी दाणे घरंगळतात, तिच्या दुसऱ्या सकाळी सगळं गाव बी पेरतं.

दाणे आज घरंगळणार, हे मला काल ताऱ्यांची उंची बघूनच कळलं होतं. आणि गाव तिला डोक्यावर घेणार! दुपारी मी वाजिक केलं, चिकट तांदूळ ताडगुळात आटवून. स्वतःचे हात घासून धुतले आणि ऐन निघायच्या वेळी तिच्या उजव्या हातावर चांगला मोठा गोळा ठेवला.

"खा गं, उपाशी जाऊ नकोस."

"अगं बाई, आज एवढी माया?" ती हसली. चाटूनपुसून खाल्लं आणि हात कमरेच्या सारोंगला पुसला. धुणार कुठली, आळशी!

बांधावर सगळे जमले. वागियेमनं हात उचलला. एक दाणा हलेना.

"अजून आठ दिवस थांबा," गावप्रमुख सास्त्रोकाका म्हणाले. लोक कुजबुजायला लागले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आई मात्र जागची हलली नाही. "पोनियेम, तू धर."

मी धरला. दाणे सरसर खाली आले.

"बघा! थोरलीचाच हात खरा," काका ओरडले. "उद्या पेरा. आणि यापुढे हिनंच धरायचा."

मला वाटलं, आता वागियेम भोकाड पसरणार. कसलं काय, ती धावतच आली.

"बरं झालं ताई, तू होतीस! माझ्यापायी गावाचा हंगाम बुडाला असता गं." आणि धाकट्यांनी करायचं तसं वाकून तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला.

सोडायला गेली, तर तिचा उजवा तळवा माझ्या हाताला चिकटून बसला. तिनं तो हळूच सोडवला. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.