तिच्या लेकराचा आवाज माझ्या तोंडी

मी एक भोंगा आहे. बोलणं हाच माझा जन्माचा धंदा, पण आजवर स्वतःचं म्हणून एक वाक्यही मी बोललेलो नाही. कुणी तरी बटण दाबून काही म्हणायचं आणि मी ते दिवसभर म्हणत राहायचं, एवढंच माझं काम. आज पहिल्यांदा माझं मी सांगतोय. जे पाहिलं त्यानं मी इतका हादरलोय की मला गप्प बसवत नाही.

जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कुठल्याशा कारखान्यात मला लाल-पांढऱ्या प्लास्टिकचं मोठं तोंड बसवलं, पोटात बॅटरी घातली, पाठीला मूठ लावली आणि खोक्यात भरून हिंगोलीच्या बाजारात पाठवलं. माझ्या पोटात एका वेळी एकच आवाज मावतो. नवा भरला की जुना पुसला जातो.

माझा पहिला मालक हिरासिंग. तो हातगाड्यावर कांदे-बटाटे विकायचा. त्यानं घसा खाकरून माझ्यात भरलं, "कांदा लेलो, बटाटा लेलो, नया माल आया," आणि तेव्हापासून त्याचा घसा सुटला आणि माझा अडकला.

माझा आवाज काही गोड नाही. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. तरी गल्लीच्या तोंडाशी आम्ही वळलो की बायका घरातूनच म्हणायच्या, हिरासिंग आला बघा. दुसरे तीन गाडेवाले तेच शब्द ओरडत फिरायचे, पण त्यांची आणि आमची गल्लत कुणी कधी केली नाही. एकदा हिरासिंगला ताप आला म्हणून त्याचा साडू गाडा घेऊन निघाला. एक आजीबाई परात घेऊन बाहेर आल्या आणि खाली बघतच बोलू लागल्या, "काहून रे हिरासिंग, परवाचे बटाटे सडके दिले?" मान वर करून पाहतात तर माणूस दुसराच. त्या इतक्या दचकल्या की परात हातातून निसटली. तेव्हा मला त्या गोष्टीची गंमत वाटली होती.

पुढे हिरासिंगनं दुकान टाकलं आणि माझी रवानगी अडगळीत झाली. धूळ खात पडलो. मग हट्टा गावाजवळच्या एका खेड्यातले संतराम बाजाराला आले आणि जुनापुराणा म्हणून मला स्वस्तात घेऊन गेले. त्यांच्या हरभऱ्याला घाटे, म्हणजे दाण्यांच्या शेंगा, धरले होते आणि वानरं शेतात उतरत होती. घरात चार माणसं. संतराम, त्यांची बायको द्वारकाबाई, शेती बघणारा मुलगा स्वप्निल आणि हिंगोलीच्या कॉलेजात विज्ञान शिकायला एसटीनं ये-जा करणारी मुलगी पुनम.

संतरामांनी मला शेताच्या मधोमध बांबूवर टांगलं आणि माझ्यात आपलाच आवाज भरला. "हाऽड, हाऽड, हुर्रर्र." सुरुवातीला वानरं पळाली. नंतर ती माझ्या खाली बसून निवांत घाटे सोलू लागली. पण संतराम स्वतः बांधावर नुसते खोकले तरी सगळा कळप झाडावर जायचा.

"आवाज माझाच हाय की," संतराम म्हणाले. "मग भोंग्याला काहून भेत न्हाईत?"

"घरात तरी तुमच्या आवाजाला कोण भेतंय," द्वारकाबाई म्हणाल्या. सगळे हसले. घाटे मात्र जात राहिले.

मग स्वप्निलनं बांधाभोवती नायलॉनची जाळी लावली. पहिल्याच आठवड्यात वानराचं एक पिल्लू तिच्यात अडकलं. जितकं धडपडलं तितकी जाळी गळ्याभोवती आवळत गेली. ते किंचाळत होतं. संतराम विळा आणायला खोपटाकडे धावले. स्वप्निलला काही सुचेना. वनखात्याच्या माणसाला दाखवावं म्हणून त्यानं फोनवर त्याचं चित्रण केलं. जाळी कापली, द्वारकाबाईंनी पिल्लाला मांडीवर घेऊन तोंडात पाणी सोडलं, पण ते वाचलं नाही.

वानर म्हणजे आमच्या गावात मारुती. माणसासारखंच त्याचं सगळं करतात. गावकरी जमले, गुलाल आला, हार आला, टाळ-मृदंग आले. लिंबाखाली त्याची माय बसली होती. पिल्लाला उचलून नेताना ती दात विचकून पुढे आली, तेव्हा दोघा-तिघांनी काठ्या आपटून तिला मागे सारलं. मारुतीच्या देवळामागे भजन म्हणत त्याला पुरलं. स्वप्निल ढसाढसा रडला. त्यानं डोकंही भादरून घेतलं. सगळं मनापासून केलं, खोटं काही नव्हतं. ती माय देवळाच्या पत्र्यावर बसून होती आणि खाली लोक तिच्या लेकराला हात जोडत होते.

त्यानंतर काही दिवसांनी स्वप्निलच्या डोक्यात आलं, माणसाच्या आवाजाला वानरं भीत नाहीत, पण वानराच्याच किंचाळण्याला भितील. असा आवाज त्याच्याकडे होताच. त्यानं फोन माझ्या तोंडाशी धरला, बटण दाबलं आणि त्या पिल्लाचा आवाज माझ्यात भरला.

त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्याच्या कानाला तो एका वानराचा आवाज होता, बस. मलाही तसंच वाटलं. आवाज म्हणजे आवाज, त्यात कुणाचा हे कसलं आलंय, असं मी तोवर समजत होतो.

बटण चालू झालं आणि कळपात एकच पळापळ झाली. सगळी वानरं बाभळीवर चढली. स्वप्निल खूश झाला. आणि मग मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढून जात नाही. झाडावरच्या माद्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आवाज माझ्यातून येत होता आणि त्या सगळ्या माना वळवून एकाच मादीकडे बघत होत्या. ती खाली उतरली. एकटीच, उघड्या रानातून, माणसं उभी असताना, थेट माझ्याकडे आली. बांबूवर चढली. माझ्यासमोर आली तेव्हा तिच्या छातीवरचे केस दुधानं चिकट झालेले दिसले. तिनं माझ्या तोंडात हात घातला.

मी किंचाळत होतो आणि ती खांद्यापर्यंत हात घालून आत चाचपत होती. हाताला काही लागेना, तेव्हा तिनं मागच्या बाजूनं पाहिलं, पुन्हा समोर आली आणि पुन्हा हात घातला. मला थांबता येत नव्हतं. मला कुणी तरी बंद केल्याशिवाय थांबता येत नाही.

स्वप्निलनं दगड भिरकावून तिला हुसकलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली. रोज येऊ लागली. बाकीचा कळप लांब राहिला, पीक वाचलं, म्हणून घरात कुणी तक्रार केली नाही.

एका रविवारी द्वारकाबाई आणि पुनम हरभरा उपटायला आल्या. मी ओरडत होतो. द्वारकाबाई कंबर सरळ करायला उभ्या राहिल्या आणि तशाच थांबल्या.

"पुनम, त्या समद्या तिच्याकडं काहून बघून राहिल्या गं?"

पुनमनं पाहिलं. तिच्या हातातला हरभरा तसाच राहिला.

"गल्लीत एखादं लेकरू रडलं तर आपुन लेकराकडं न्हाई बघत," द्वारकाबाई हळू म्हणाल्या. "त्याच्या मायकडं बघतो. ती उठती का न्हाई म्हणून." आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "ह्यो त्याच पिल्लाचा आवाज हाय का गं?"

पुनम म्हणाली, "आई, हे मी वाचलंय. आफ्रिकेतल्या माकडांवर असा प्रयोग केला होता. झुडपात भोंगा लपवून एका पिल्लाचं ओरडणं लावलं. तर बाकीच्या माद्यांनी त्याच्या आईकडं पाहिलं. कुणाचं पिल्लू ते नुसत्या आवाजावरून त्यांना कळलं होतं."

"आवाजावरून?"

"मेंदूत कानाच्या बाजूला त्याची जागाच असते. दगड पडला, गाडी गेली, तर ती तेवढी जागी होत नाही. माणूस बोललं की होते. मावशीचा फोन आला की तू नुसत्या हॅलोवरून ओळखतेस ना, ते असंच. यंत्रात घालून मेंदूचे फोटो काढले तेव्हा माकडांच्या डोक्यातही तशी जागा सापडली."

द्वारकाबाईंनी आपल्या मांडीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "म्या त्याला मांडीवर घेतलं होतं. मरताना माझ्याच मांडीवर वरडलं. मग मला काहून वळखू आलं न्हाई?"

"ती जागा आपल्यासारख्यांच्या आवाजालाच जास्त जागी होते आई. आपल्याला नुसतं वानर ऐकू येतं. तिला तिचं लेकरू ऐकू येतं."

हे ऐकून माझी काय अवस्था झाली ते मला सांगता येत नाही. जे किंचाळणं मी दिवसभर फेकत होतो त्यात एक नाव होतं, आणि ते मला सोडून तिथल्या प्रत्येक वानराला ऐकू येत होतं. माझं तोंड एवढं मोठं, पण ओळखायची जागा माझ्यात कुठेच नाही.

संध्याकाळी द्वारकाबाईंनी घरच्यांना शेतावर बोलावून सगळं सांगितलं, आवाज पुसून टाका म्हणून. हरभऱ्याची काढणी सुरू झाली होती. कळप आता नदीपलीकडे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, दरवर्षी जातो. संतरामांनी बाभळीकडे पाहिलं आणि मान हलवली. "ती ह्या भोंग्याला सोडून जायची न्हाई. आन् एकटी राह्यली तर गावातली कुत्री तिला जित्ती ठेवणार न्हाईत."

"पण माय, ह्या आवाजानंच पीक राह्यलं," स्वप्निल म्हणाला.

"तू गेला असतास आन् तुझा आवाज कुणी असा टांगला असता," द्वारकाबाई म्हणाल्या, "तर म्या कुठं गेले असते, सांग."

स्वप्निलचा चेहरा उतरला. तो स्वतःच पुढे आला, मला खाली घेतलं आणि बटण दाबून धरलं. काही तरी बोलायला हवं होतं, पण चौघांपैकी कुणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. माझ्यात नुसता वारा भरला आणि त्या पिल्लाचा आवाज पुसला गेला.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी बांबूवर होतो, वारा वाजवत होतो. तिनं तोंडात हात घातला, काढला, आणि माझ्या खाली बसून राहिली. चौघंही बांधाआड थांबली होती. दुपार कलली तेव्हा नदीकडून कळपाचा हुप हुप आवाज आला, आणि त्यात एक बारीक हाक होती. मला ती बाकीच्यांसारखीच वाटली. तिला वाटली नाही. ती ताडकन उठली, त्या दिशेनं चार पावलं गेली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि चालू लागली. द्वारकाबाईंनी हात जोडले.

ती बांधापर्यंत पोचली असेल नसेल, तेवढ्यात शेजारच्या रामजींच्या शेतातून तेच किंचाळणं आलं.

ती जागच्या जागी थिजली. मग आणखी पलीकडच्या एका शेतातून आलं. तिनं मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

संतरामांनी मुलाकडे पाहिलं. "हे काय?"

स्वप्निलनं खिशातून फोन काढला. "गावच्या ग्रुपवर टाकला होता म्या. लोकं इचारत होती, तुमचं पीक कसं राह्यलं म्हणून."

ती रामजींच्या शेताकडे पळाली. मध्येच थांबून दुसरीकडे पळाली. नदीकडून कळपाची हाक पुन्हा आली, पण आता ती ऐकायला तिला सवड नव्हती.

त्याला आता बरेच दिवस झाले. कळप नदीपलीकडे गेला. ती गेली नाही. स्वप्निल मोटारसायकलवर शेतोशेत फिरून लोकांना हात जोडतो, आवाज पुसा म्हणतो. काही पुसतात, काही त्याला वेड्यात काढतात. एका ठिकाणी थांबलं की दुसऱ्या गावात सुरू होतं. फोनवरून फोनवर तो आवाज किती लांब गेला याचा कुणालाच पत्ता नाही.

मला खाली उतरवून ओसरीत खुंटीला अडकवलंय. परवा द्वारकाबाई तिथेच हळद निवडत होत्या. नरसीहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. "हॅलो" एवढंच ऐकून त्या हसल्या, "बोल गं शिला." मग त्यांचं हसू थांबलं. फोन कानाला तसाच धरून त्या उभ्या राहिल्या.

"शिला, तुझ्या मागं वरडून काय राहिलंय?"

"ते व्हय. वानरांसाठी भोंगा लावलाय. नवीन आवाज आलाय, लई चांगला हाय. तुमच्याकडं न्हाई का?"

"म्या वळखते त्याला," द्वारकाबाई म्हणाल्या. "ते तिचं हाय."

ऐकणाऱ्यांनो, तो आवाज तुमच्याही फोनवर आला असेल तर कृपा करून पुढे पाठवू नका, पुसून टाका. तुमच्या कानाला तो नुसता वानराचा वाटेल. ती अजून जिवंत आहे, कालच गुराख्यांना वाटेत दिसली. नरसीच्या दिशेनं चालली होती.