डासांच्या बॅटमधला अग्नी

विश्वेश हुशार होता याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. शाळेत पहिला, इंजिनिअरिंगला पहिला, आणि आता सातपूरच्या कंपनीत मोठा साहेब. पण त्याच्या थोरल्या बहिणीला, कुसुमला, या हुशारीची एक खोड पक्की ठाऊक होती. जिथे तोंड उघडून एक वाक्य बोलायचं असतं, तिथे हा माणूस यंत्र बनवत बसायचा. कॉलेजात असताना वडिलांना "मला भिक्षुकी करायची नाही" एवढंच सांगायचं होतं. ते न सांगता त्याने त्यांना आरतीची घंटा आपोआप वाजवणारी मोटर करून दिली. वडिलांनी ती थोडे दिवस कौतुकाने वाजवली आणि मग घाटावरच्या एका फुलवाल्याला देऊन टाकली. बिचाऱ्यांना मुलाच्या मनातलं शेवटी शेजाऱ्यांकडून कळलं.

पाथर्डी फाट्यावर विश्वेशने रो-हाउस घेतलं, वास्तुशांत ठरली आणि त्याचा फोन आला. "ताई, रविवारी ये. एक गंमत दाखवायचीय."

कुसुम इंदिरानगरहून रिक्षाने गेली. पार्किंगमध्ये टेबल मांडून साहेब बसले होते. समोर डास मारायची बॅट उघडून पडलेली, जाळी एकीकडे, मूठ एकीकडे. आतली हिरवी पट्टी बाहेर काढून तिला दोन लांब वायरी जोडल्या होत्या आणि वायरींच्या टोकांना दोन खिळे.

"आता बघ हं," म्हणत त्याने बटण दाबलं. टक्क! खिळ्यांच्या मधे निळी ठिणगी उडाली.

"साध्या दोन सेलवर चालतं, ताई. आणि ठिणगी किती व्होल्टची? दोन हजारांच्या वर!"

"बरं. डास मेले का?"

"डास नाही गं! हा आपल्या होमाचा अग्नी. खाली हे खिळे, वर कापूर, तुपातला कापूस, गोवऱ्या. नानागुरुजी मंत्र म्हणतील, मी बटण दाबीन, अग्नी आपोआप प्रकट! म्हणजे कुणी आणायला नको."

कुणी आणायला नको. आत्ता कुठे कुसुमच्या डोक्यात प्रकाश पडला.

होमाचा अग्नी घरच्या चुलीवरून आणायचा असतो आणि तो सुवासिनीने आणायचा, अशी रीत. ताम्हनात निखारे, वर दुसरं ताम्हन झाकायचं आणि मांडवात यायचं. या घरात तो मान कुसुमचा होता. विश्वेशच्या लग्नात तिने आणला, त्याच्या मुलाच्या मुंजीत आणला, वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनात आणला. तिने आणलेला अग्नी कधी विझत नाही, असं वडील होते तोवर पंक्तीत सगळ्यांना ऐकवायचे. गेल्या मार्गशीर्षात कुसुमचा नवरा गेला. त्यानंतरचं घरातलं हे पहिलंच कार्य.

"कुणी म्हणजे कोण रे?" तिने विचारलं.

"कुणी म्हणजे… कुणीच. उगाच धावपळ. शिवाय त्या ताम्हनाने हात भाजतात."

"माझे कधी भाजले?"

विश्वेशने मान खाली घातली आणि आधीच घट्ट असलेला एक स्क्रू आणखी घट्ट केला.

याच विश्वेशने मार्चमध्ये सोसायटीच्या महिला दिनाला भाषण ठोकलं होतं. विधवा हा शब्दच आपण हद्दपार केला पाहिजे, वगैरे. टाळ्या पडल्या, शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. शालीतला फोटो त्याने कुसुमलाही पाठवला होता आणि तिने त्याला अंगठा पाठवला होता. त्या अंगठ्याची तिला आता लाज वाटली. शब्द हद्दपार झाला खरा, पण फक्त याच्या तोंडातून. पोटात तो चांगला पाय पसरून बसला होता.

तिला मागायचं होतं तरी काय? एक वाक्य. "ताई, या वेळी तू आणू नकोस" म्हणाला असता तर ती रडली असती, त्याला फाडफाड बोलली असती, आठवडाभर अबोला धरला असता आणि मग गुपचूप पुरण शिजवायला आली असती. "ताई, तूच आण" म्हणाला असता तर प्रश्नच नव्हता. पण हो नाही आणि नाहीही नाही. सख्ख्या बहिणीला उत्तर म्हणून डासांची बॅट!

निघताना फाटकापाशी त्याच्या बायकोने, वल्लरीने, तिला गाठलं. "मी ह्यांना म्हटलं होतं, ताईंना सरळ विचारा. तर म्हणाले, ताईला वाईट वाटेल."

"म्हणून माझ्यासाठी वायरिंग केलं होय? फारच काळजी हो माझी," कुसुम म्हणाली आणि रिक्षाला हात केला.

वास्तुशांतीच्या दिवशी ती सकाळीच स्वयंपाकघरात शिरली आणि पुरणाला लागली. तिथून हॉलमधलं सगळं दिसत होतं. विश्वेश रेशमी सोवळं नेसून पाटावर बसला होता, शेजारी वल्लरी. उपरण्याखाली त्याने यंत्र लपवलं होतं, पण त्याचा हात सारखा तिकडे जात होता, त्यामुळे लपलं कुणापासूनच नव्हतं. आलेल्या प्रत्येकाला तो सांगत होता, "आज काहीतरी वेगळं बघाल!" लोकांनी मोबाइल काढून तयार ठेवले.

नानागुरुजी ऐंशीच्या पुढचे. त्यांना या नाटकाचा पत्ता नव्हता. होमाची जागा मंत्राने शुद्ध करायची तर तिच्यावर पाणी शिंपडतात आणि मगच अग्नी ठेवतात. नानांनी आयुष्यभर हेच केलं होतं, आजही केलं. आणि नानांचा हात मोठा सढळ. कापसावर, कापरावर, खिळ्यांवर, विश्वेशच्या सगळ्या हुशारीवर त्यांनी यथासांग पाणी घातलं. भिक्षुकाच्या पोटी जन्मलेला हा मुलगा, शेकडो होम बघत वाढलेला. व्होल्ट मोजले, वायरी मोजल्या, पण होमाआधी पाणी शिंपडतात एवढं याला आठवलं नाही.

विश्वेशने बटण दाबलं. चर्रर्र. पुन्हा दाबलं. चर्रर्र. ठिणगीचा पत्ता नाही. बसल्या जागेवरूनच तो ओल्या हाताने वायरी चाचपायला गेला, दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावरच होता, आणि एकदम "आई गं!" करून पाटावरून वीतभर उडाला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. वल्लरी छताकडे बघत राहिली.

"झाला का खेळ?" नाना म्हणाले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून नेहमीच्या सुरात हाक मारली, "कुसुम, अग्नी आण गं!"

नाना विसरले म्हणावं तर कुसुमच्या नवऱ्याचे दिवसवार त्यांनीच केले होते. दोन काकूंनी एकमेकींकडे पाहिलं आणि तिसरीने पदर सारखा केला. विश्वेशचा चेहरा पडला.

"नाना, एक मिनिट, कोरडं करतो," म्हणत तो उपरण्याने खिळे पुसायला लागला. "कुणाकडे काडेपेटी आहे का?"

काडेपेटी कुठली असायला? त्याच्या नव्या घरात गॅससुद्धा बटणावर पेटत होता.

कुसुमने पुरणाचं पातेलं उतरवलं. गोवरीचा तुकडा आचेवर धरला, चांगला लाल होऊ दिला, ताम्हनात ठेवला, वर दुसरं ताम्हन झाकलं. तिला राग तर होताच, पण रागाच्या खाली भीती होती. समोरून एखादी काकू उठली आणि "दे माझ्याकडे" म्हणाली तर? तरीही ती चालत आली आणि भावासमोर उभी राहिली.

"विशू, ठेवू की नको?"

"ताई, हा कापूर ओला झालाय ना, नाहीतर…"

"कापराचं नाही विचारलं मी. मी आणलेला अग्नी तुला चालतो की नाही? एक शब्द बोल."

"अगं, माझं काय असणार? लोकांना…"

"मग लोकांनाच विचारते." ती वळली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "माझा नवरा गेलाय, तुम्हाला माहीत आहे. अग्नी मी आणलाय. ज्याला चालत नसेल त्याने खुशाल उठावं. माझा कुणावर राग नाही."

कुणी उठलं नाही. सगळे आता यजमानाकडे बघत होते. यजमान मान खाली घालून बटण दाबत होता. चर्रर्र. चर्रर्र.

नानांनी पळीच्या दांड्याने खिळे आणि वायरी बाजूला सारल्या आणि ओला कापूस काढून टाकला. "ठेव, पोरी," म्हणाले. कुसुमने निखारा ठेवला, वाकून फुंकर घातली. धूर झाला, डोळ्यांत पाणी आलं आणि मग जाळ धरला. वल्लरीने बसल्या जागेवरून तिच्या पावलांना हात लावला. कुसुम पुरणाकडे परतली.

पहिली पंगत बसली तेव्हा विश्वेश सोवळ्यातच स्वयंपाकघरात आला. इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला.

"ताई, खरं सांगू? माझी काही हरकत नव्हती गं."

"माहीत आहे मला," पुरणाचा गोळा हातात घेत कुसुम म्हणाली. "हरकत असती तर बरं झालं असतं. तुझ्याशी भांडता तरी आलं असतं."

तो उभा राहिला. तिने वाट पाहिली. अजूनही ती एका वाक्याची वाट बघत होती, हे तिचं तिलाच कळलं आणि स्वतःचाही राग आला.

"या शेगडीचं बटण जरा सैल वाटतंय," विश्वेश म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हरसाठी खिसा चाचपायला लागला. सोवळ्याला खिसा नसतो.