ऐकायला गेलो आणि गायलो

संगीत रसग्रहण हा विषय मी घेतला तो सोपा म्हणून. नर्सिंगला प्रवेश हवा तर कलेचा एक विषय पास व्हावाच लागतो, आणि चित्रकलेत माझा सगळा आनंदच. गाणं मात्र आमच्या घरात पाळण्यापासून. त्यावर चार पानं खरडायला काय जातंय, असं वाटलं. तिथेच फसले.

पहिला निबंध मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसून लिहिला. संगीतकाराचा जन्म, त्याची दोन लग्नं, त्याला पदरी ठेवणारा लहरी राजा, काही म्हणून सोडलं नाही. तळटीपा इतक्या की पानावर मजकुराला जागा उरेना. विषय शिकवणाऱ्या टीग मॅडमनी तो दोन बोटांत धरून परत दिला. "डेल्फी, हे सगळं तू वाचलंस. ऐकलंस काय?"

निबंध नापास. आता सगळी भिस्त दुसऱ्या निबंधावर. त्यासाठी एका मैफलीला जायचं, गप्प बसून ऐकायचं आणि कानावर जे पडेल ते लिहायचं. हाही गेला तर विषय गेला, आणि विषयाबरोबर नर्सिंगही. वर मॅडमनी वर्गात बजावलं होतं, "कार्यक्रमात जो व्यत्यय आणेल त्याला शून्य. माझा लाडका असला तरी."

मैफल कॉलेजच्याच गायकवृंदाची होती. माझी गाडी बंद पडली होती, म्हणून ऑर्बीमामाने त्याच्या ट्रकमधून नेलं. ऑर्बीमामा आठवडाभर कोंबड्या सांभाळतो आणि रविवारी चर्चमध्ये बास, म्हणजे सगळ्यांत खालचा आवाज, गातो. मैफल नावाची गोष्ट त्याने जन्मात पाहिली नव्हती. अलाबामातल्या आमच्या डोंगरावर गाणं असतं, मैफल नसते. चर्चमध्ये चार बाजूंना बाकं लावायची, तोंडं आत, बास, टेनर, ट्रेबल, आल्टो असा एकेका बाजूला एकेक आवाज, आणि जो येईल त्याने गायचं. ऐकायला म्हणून कुणी येतच नाही. आला तरी बसेल कुठे?

वाटेत मी त्याला नियम सांगितले. "मामा, बोलायचं नाही."

"बरं."

"टाळ्या मध्येच वाजवायच्या नाहीत. लोक वाजवतील तेव्हाच."

"आपण कधी वाजवतो गं टाळ्या?"

"खायचं नाही. मोबाइल नाही. तंबाखू तर नाहीच नाही."

"अगं, गाणं ऐकायला नेतेयस की दात उपटायला?"

गायचं नाही, हे मात्र मी सांगितलं नाही. असं कुणाला सांगावं लागतं हे डोक्यातच आलं नाही. येणार कसं, मीही त्याच डोंगरावरची.

आम्ही बसलो आणि बरोबर आमच्या मागच्या रांगेत टीग मॅडम येऊन बसल्या. मी मामाला कोपराने ढोसून पुन्हा बजावलं. पण मामा शहाण्यासारखा वागला. तासभर लॅटिनमधली गाणी झाली, हा हाताची घडी घालून, पापणी न हलवता बसून. मी भराभर लिहीत होते. या वेळी तरी पार पडणार, असं वाटायला लागलं.

मग वृंदाचे तरुण संचालक पुढे येऊन म्हणाले, "आता याच भागातलं एक जुनं डोंगरी भजन." आणि त्यांनी आमचंच गाणं सुरू केलं. पण किती हळू! थंडीत बाटलीतून काकवी ओतावी तसं. मामाचा हात गुडघ्यावर ताल द्यायला लागला. मी तो दाबून धरला. त्याने दुसरा सुरू केला.

त्या गाण्याच्या मध्यावर सगळे आवाज थांबतात आणि मग एकामागून एक धावत आत शिरतात. आधी बास, मग टेनर, मग ट्रेबल, शेवटी आल्टो, म्हणजे माझा आवाज. वृंद थांबला. बासची पाळी आली आणि माझ्या शेजारून आख्खा डोंगर बोलला. मामा गात होता, दुप्पट वेगात, हात वरखाली करत, डोळे मिटून. मी त्याची बाही ओढली. तिकडे वृंदाची त्रेधा उडाली होती, कोण कुठे शिरतंय कुणालाच कळेना. संचालक गर्रकन वळले. मी मामाच्या तोंडावर हात ठेवणार, तेवढ्यात आल्टोची पाळी आली.

शपथ घेऊन सांगते, मी ठरवून काही केलं नाही. तोंड आपोआप उघडलं. आणि एकदा उघडल्यावर मिटावंसं वाटेना, इतकं बरं वाटत होतं. संचालकांनी क्षणभर आमच्याकडे पाहिलं, हसले आणि हात आमच्या वेगाने हलवायला लागले. वृंद सावरला, आणि शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून छप्पर उडेल अशी म्हटली. मग टाळ्यांचा कडकडाट.

"आता वाजवू का गं?" मामाने विचारलं.

मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही.

निबंध लिहिताना एकही पुस्तक उघडलं नाही. शून्य तर मिळणारच होतं, मग खरं लिहायला काय हरकत? "हळू गात होते तेव्हा गाणं समोर होतं," मी लिहिलं. "वेग आल्यावर ते चारही बाजूंनी आलं आणि मी त्याच्या आत गेले. प्रेक्षकांतून गाणारे आम्ही दोघेच. चूक आमची, पण ऐकणं म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं."

दोन दिवसांनी मॅडमनी खोलीत बोलावलं. निबंध टेबलावर होता.

"शून्य ना, मॅडम?"

"नियमाने शून्यच. पण तुला दिलं तर मलाही घ्यावं लागेल."

"तुम्हाला?"

"टेनर आणि आल्टोच्या मध्ये ट्रेबल घेऊन कोण शिरलं, असं वाटतं तुला?"

"वृंद."

"त्या बिचाऱ्यांना तर पानही सापडत नव्हतं." मॅडम हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "माझी आजी तुमच्याच डोंगरावरची. ती गेली तेव्हापासून हे गाणं मी नुसतं शिकवलं. तुझ्या मामाने बास लावला आणि मला राहवेना."

मला रडू यायला लागलं, आणि मला वाटतं आनंदाचंच.

"थांब, गळ्यात पडू नकोस. इथे लिहिलंयस, आम्ही दोघेच. तुझ्या मानेमागे हातभर अंतरावर तिसरी बाई गात होती आणि तुला पत्ता नाही! विषय ऐकण्याचा आहे, डेल्फी. गुण कापलेत."

"म्हणजे पास?"

"पास. आता खरं सांग, सुरात होते का मी?"

"ऐकल्याशिवाय कसं सांगू, मॅडम?"

त्यांनी उठून दार लावलं, हात वर केला आणि सुरुवात केली. अगदी सुरात होत्या. आणि आल्टोची पाळी आली तेव्हा मला अडवणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.