नरहरींची जाहिरात

"आई, रागवा. पण माझ्यावर नाही, मोबाइलकडे बघून रागवा!"

सुरुची केळीच्या बुंध्याला पाठ टेकून मोबाइल धरून उभी होती. समोर तिच्या सासूबाई वसुंधराबाई, हातात नवऱ्याचा हार घातलेला फोटो घेऊन. पहिल्या खेपेला त्यांनी सुरुवात केली ती थेट स्वतःच्या लग्नापासून. दुसऱ्या खेपेला वाडीत राजेळी केळ कुणी लावली ते सांगत बसल्या. सुरुचीने कपाळाला हात लावला.

"इतकं कोण ऐकणार, आई? पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला तर थांबला, नाहीतर अंगठा पुढे सरकतो. एकच गोष्ट सांगा. सगळ्यात जास्त काय झोंबलंय ते."

काय झोंबलं होतं, ते वसईजवळच्या निर्मळ गावातल्या त्या वाडीतल्या केळीच्या घडालाही ठाऊक असेल.

उमेळ्याच्या नव्या टॉवरमधली स्वप्ना दोन वर्षांपूर्वी सुकेळी घ्यायला आली आणि काका-काकू करत घरचीच झाली. राजेळी केळी सोलायची, बांबूच्या तट्ट्यांवर दिवसच्या दिवस उन्हात वाळवायची, रोज उलटायची, मग सुक्या पानात बांधायची. कंबर मोडणारं काम. स्वप्ना म्हणाली, "तुम्ही फक्त बनवा, विकायचं माझ्यावर सोडा." तिने इन्स्टाग्रामवर पेज उघडलं आणि वसुंधराबाईंच्या नवऱ्याला, नरहरींना तट्टीपाशी बसवून व्हिडिओ काढला. नरहरी एरवी चार माणसांत तोंड उघडत नसत, पण त्या दिवशी केळं उलटता उलटता हसले आणि म्हणाले, "घाई असेल तर बिस्कीट खा बाबा. हे उन्हाशिवाय गोड होत नाही." जाहिरात अशी धावली, की सुकेळी पुरेनात.

मग ऐन पावसाळ्यात नरहरी गेले. स्वप्ना दिवसकार्याला आली, रडली, आणि हंगाम सुरू होताच वसुंधराबाईंचा माल सोडून कुठूनसा भट्टीत वाळवलेला स्वस्त माल आणून विकू लागली. जाहिरात मात्र तीच. तेच नरहरी, तेच हसू आणि खाली 'काकांच्या हातची सुकेळी'. मेलेल्या माणसाच्या हातची! वसुंधराबाईंनी फोन केला, तर ही बया म्हणते, "काकू, ते ब्रँडिंग आहे. एवढं इमोशनली नका घेऊ."

तेही गिळलं असतं. पण परवा देवळाबाहेर स्वप्नाकडून सुकेळी घेतलेली एक ओळखीची बाई चारचौघांत म्हणाली, "नरहरी गेले आणि तुमच्या सुकेळ्यांची चवच गेली हो." वसुंधराबाईंच्या मस्तकात तिडीक गेली ती उतरलीच नाही. घरी येऊन त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "सुरुची, तिचं दुकान बंद पाडायचं. तिच्याच हत्याराने. दाखव मला कशी करतात ती जाहिरात."

म्हणून ही तिसरी खेप. वसुंधराबाईंनी फोटो छातीशी धरला आणि मोबाइलकडे रोखून पाहिलं.

"हा माझा नवरा. पावसाळ्यात वारला. तरी उमेळ्याची स्वप्ना याच्या हातची सुकेळी विकते. विचारा तिला, कुठून आणते! खरी बघायची असतील तर निर्मळला या, उन्हात पडलीयत."

"बास!" सुरुची म्हणाली. "काटा आला अंगावर. आता दाखवायची कुठे? वसईभर?"

"तिच्या दारात."

सुरुचीने मोबाइलवर नकाशा उघडला, उमेळ्याचा तो टॉवर शोधला आणि त्याच्याभोवती लहानसं वर्तुळ आखलं. "आता लिफ्टमध्ये, भिशीत, जिममध्ये, या वर्तुळात जो मोबाइल उघडेल त्याला तुम्ही दिसणार." वसुंधराबाईंना एवढा आनंद नातवाच्या बारशालाही झाला नव्हता.

लोक पेटले. स्वप्नाच्या पेजवर शिव्यांचा पाऊस पडला. सोसायटीच्या ग्रुपवर तिची लाज निघाली आणि विकलेली खोकी तिच्याच दारात परत येऊन पडली. वसुंधराबाई सकाळच्या चहाबरोबर एकेक शेरा वाचून घ्यायच्या. "तो 'निर्लज्ज' म्हणणारा पुन्हा वाच," म्हणायच्या, आणि बशीत ओतलेला चहा चवीने प्यायच्या.

आठवड्याने स्वप्ना आली. तोंड एवढंसं झालेलं.

"काकू, थांबवा आता. माझ्या मुलीला स्कूलबसमध्ये चिडवतात."

मुलीचं ऐकून वसुंधराबाईंना वाईट वाटलं. पण ते त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. "आधी तू माझ्या माणसाला सोड."

स्वप्नाने त्यांच्यासमोर जाहिरात काढून टाकली. "झालं?"

"मोबाइलमधलाही पूस."

स्वप्नाचा अंगठा अडला. "काकू, मूळ व्हिडिओ फक्त या मोबाइलमध्येच आहे, दुसरीकडे कुठे नाही. मोठा आहे. जाहिरातीत मी जरासाच घेतला होता. काका तुमच्याबद्दलही बोललेत त्यात. तुम्हाला पाठवते, मग पुसते."

"आई, घेऊन ठेवूया ना," सुरुची घाईने म्हणाली.

"तिच्या हातचं पाणीसुद्धा नको मला! उपकार करायला आलीय? पूस. आणि पुसलेलं कुठेतरी साठतं म्हणतात, तिथूनही पूस. माझ्या डोळ्यांदेखत."

स्वप्नाने दोन्हीकडून पुसलं. सुरुचीनेही आपली जाहिरात बंद केली. चहा कुणी विचारला नाही आणि स्वप्नाही थांबली नाही. फाटक लागल्याचा आवाज आला, तशा वसुंधराबाई टाळी वाजवून हसल्या. "जिरली! चांगली जिरली!"

मग त्या केळी उलटायला बसल्या. एक तट्टी झाली, दुसरी अर्धी झाली आणि हात थांबला.

"सुरुची, माझ्याबद्दल काय बोलले असतील गं?"

नरहरींनी उभ्या संसारात बायकोच्या हातच्या आमटीलासुद्धा कधी बरी म्हटलं नव्हतं.

"स्वप्नाला विचारू का? तिने ऐकलंय," सुरुची म्हणाली.

"खबरदार!"

ऊन कलत चाललं होतं. वसुंधराबाईंनी चिकट हाताच्या मनगटाने डोळे पुसले आणि पुढचं केळं उलटलं.

"त्या भवानीला सांगितलं," त्या म्हणाल्या, "आणि मला नाही."