माईंचं क्रियापद

आपल्यापैकी कितीतरी घरांत चालतं, तेच या घरातही चालायचं. माईंना कळायला नको असेल ते मुलगा आणि सून इंग्रजीत बोलायचे. तेही माईंच्या समोर, माईंनीच वाढलेलं जेवताना! ज्या इंग्रजी शाळेसाठी या बाईनं लोकांचे कपडे शिवून डोळे घालवले, त्याच इंग्रजीची भिंत तिच्यापुढे उभी केली. याला काय म्हणावं?

एकदा जेवताना "मदर" आणि "टॉलरेट" हे दोन शब्द माईंनी टिपले. मदर म्हणजे आपण, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"टॉलरेट म्हणजे काय रे?"

मुलानं पटकन पाण्याचा पेला उचलला. "अं... सांभाळणं गं, आई."

माईंना केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी त्या लगबगीनं वाचनालयात गेल्या. तिथे एक निवृत्त शिक्षिका वयस्क बायकांना इंग्रजी शिकवायच्या. त्यांची रीतच न्यारी. प्रत्येकीनं घरात कानावर पडणारं एक क्रियापद आणायचं, शिकायचं आणि शेवटच्या दिवशी घरच्यांसमोर वाक्यात वापरून दाखवायचं.

"बाई, माझं ठरलं. माझा मुलगा मला टॉलरेट करतो! काल माझ्यासमोर जेवतानाच म्हणाला."

बाईंचा खडू फळ्यावरच थांबला. खोटं सांगावं का? पण शिकवणाऱ्यानंच खोटं सांगून कसं चालेल!

"माई, त्याचा अर्थ सांभाळणं नव्हे हो," त्या हळूच म्हणाल्या. "नकोसं वाटणारं नाइलाजानं सहन करणं. आपण दुसरं घेऊ या."

माईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "नको. हेच शिकवा. कसं वापरायचं तेही शिकवा."

शेवटच्या दिवशी मुलगा आणि सून पुढच्याच रांगेत होते. मुलानं कौतुकानं मोबाइल वर धरला होता. माई उभ्या राहिल्या.

"माय सन वॉज स्मॉल. ही क्राइड ऑल नाइट. आय डिड नॉट टॉलरेट हिम. आय लव्ह्ड हिम."

रात्र रात्र रडणाऱ्या लेकराला तिनं सहन केलं नव्हतं, माया लावली होती! टाळ्या पडल्या. मुलाचा मोबाइल मात्र खाली आला आणि सुनेनं मान वर केली नाही.

बाहेर पडताना बाईंनी त्याला गाठलं. "पाठीमागे बोलणारा निदान माणसाला घाबरतो तरी. तुम्ही त्यांना समोर बसवून बोललात. त्या बसल्यायत हे तुम्ही जमेसच धरलं नाहीत."

घरी येताच मुलानं आईचे हात धरले. "चुकलो गं, आई! खरंच चुकलो!"

"अरे, माफ तर मी तिथेच केलं," माई म्हणाल्या. "पण शिकलेला शब्द आता विसरू कसा?"

तेव्हापासून त्या घरात माईंना कळेल अशाच भाषेत बोलतात. माई हसतात, बोलतात. पण दुसऱ्यांदा वाढून घेताना आधी मुलाच्या तोंडाकडे बघतात, आणि ते बघणं त्याला रोज जाळतं.

म्हणून सांगते मंडळी, ज्याचा अर्थ घरच्या माणसाला खरा सांगता येणार नाही, असा शब्द त्याच्यासमोर कुठल्याच भाषेत काढू नका. माणसं अडाणी असतील, पण ती शिकतात हो!